गिनी कोंबडी : घरगुती पालन

गिनी कोंबडी किंवा गिनी फाउल हा मूळचा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतला, जमिनीवर चरणारा पक्षी. डोक्यावर शिरस्त्राणासारखा हाडाचा उंचवटा असलेली जात सर्वत्र पाळली जाते. तिचे शास्त्रीय नाव न्यूमिडा मेलिॲग्रिस. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने १७५८ साली तिची नोंद केली. ग्रीक पुराणकथेत मेलिआगर या वीराच्या मृत्यूनंतर शोक करणाऱ्या त्याच्या बहिणींचे पक्षी झाले, त्यांचे अश्रू पिसांवर ठिपके होऊन राहिले, असे सांगतात. मेलिॲग्रिस हे नाव तिथून आले. नावात कोंबडी असली तरी वागणूक रानपक्ष्याचीच राहिली आहे. पाळणाऱ्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे.

पहिली अडचण आवाजाची. घार, साप, अनोळखी माणूस, वाऱ्याने उडालेली पिशवी, काहीही दिसले की सगळा थवा एकदम कर्कश ओरडू लागतो, आणि एकीने सुरुवात केली की बाकीच्या तिला साथ देतात. राखणदार म्हणून या पक्ष्याची ख्याती आहे ती यामुळेच. मात्र चोर आणि रोजचा दूधवाला यांत हा राखणदार फारसा फरक करत नाही. शेजार लागून असेल तर गिनी न पाळणे बरे. आवाज बंद करण्याचा उपाय नाही. नर-मादी ओळखायला मात्र हाच आवाज कामी येतो. मादी दोन सुरांची हाक देते, नर एकाच सुरात ओरडतो. घाबरलेली मादीही एका सुरात ओरडते, म्हणून दोन सुरांची हाक ऐकू येईपर्यंत निकाल देऊ नये. नराचे चोचीखाली लोंबणारे कल्ले मोठे असतात, पण ते नीट दिसायला पक्षी मोठा व्हावा लागतो.

नवे पक्षी आणून लगेच मोकळे सोडले तर ते परत येतीलच असे नाही. सहा ते आठ आठवडे बंद खुराड्यात ठेवले की ती जागा त्यांना आपली वाटू लागते. नंतरही सगळ्यांना एकदम न सोडता आधी एक-दोन सोडतात. आतल्यांचे आवाज ऐकून बाहेरच्या जवळपास घोटाळत राहतात. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी, ठरावीक डबा वाजवून बारीक धान्य टाकायची सवय लावली तर निम्मे काम होते. उरलेले निम्मे धीराचे. सगळ्या रांगेने दारापर्यंत येतात, पहिली आत डोकावते, कशाला तरी बिचकते आणि अख्खी रांग वळून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पळते. मागे धावले की त्या झाडावर चढतात. अंधार पडला की त्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे बसल्या फांदीवरून त्या हलत नाहीत आणि घुबडाला आयत्या सापडतात. खुराड्यात उंचावर आडव्या दांड्या असतील आणि आत मंद दिवा असेल तर त्या तुलनेने लवकर आत शिरतात. धरायची वेळ आली तर पाय पकडू नये, पायाला सहज इजा होते. पिसे धरली तर ती हातात ठेवून पक्षी निसटतो. जाळे टाकून पंखांसकट अंग कवेत घेणे हीच रीत.

अंडी हंगामी असतात; कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, पण कवच चांगलेच टणक. पेटीत अंडी घालणे मादीला मान्य नसते. उंच गवतात, कुंपणाच्या बुडाशी ती आडोसा शोधते, आणि अनेक माद्या एकाच घरट्यात अंडी घालतात. घरटे सापडले तर सगळी अंडी उचलू नयेत, चार-पाच ठेवावीत. रिकामे दिसले की जागा बदलते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून. सकाळी उशिरापर्यंत पक्षी कोंडून ठेवले तर बरीच अंडी आतच मिळतात. उघड्यावर रवणीला बसलेली मादी २६ ते २८ दिवस जागची फारशी हलत नाही, आणि तेवढ्यात कोल्ह्या-मुंगसाने तिला उचलल्याची उदाहरणे सर्रास आहेत.

शिवाय ती आई म्हणूनही बेभरवशाची. पहाटेच्या दवाने भिजलेल्या गवतातून ती भराभर चालते. मुठीत मावणारी पिल्ले मागे पडतात, भिजतात आणि गारठून मरतात. म्हणून अंडी खुडूक कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करत नेतात. खाली गुळगुळीत कागद अंथरला तर पाय फाकून पिल्लू कायमचे अधू होऊ शकते. खरखरीत कापड चांगले. पाण्याच्या उथळ ताटलीतही ती बुडतात, म्हणून ताटलीत गोटे टाकतात. गोट्यांच्या फटींतून चोच बुडते, पिल्लू बुडत नाही. सुरुवातीच्या खाद्यात २४ ते २६ टक्के प्रथिने हवीत, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त.

कोंबड्यांबरोबर एकत्र ठेवता येतात, पण विणीच्या हंगामात गिनीचे नर कोंबड्याला सळो की पळो करतात. कोंबड्यांची झुंज समोरासमोर होते आणि थोडक्यात मिटते. गिनी पाठलाग करते, शेपटीची पिसे उपटते, थांबते, पुन्हा पाठलाग करते. दाणा-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवली की तंटे कमी होतात.

गोचिडी खाते म्हणून अनेक जण गिनी पाळतात. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील १९९२ च्या अभ्यासात गिनी चरतात त्या हिरवळीवर प्रौढ गोचिडी कमी आढळल्या. माणसाला चावून रोग देण्यात मोठा वाटा असलेल्या बारीक, अर्धवट वाढीच्या गोचिडींबाबत मात्र पुढच्या पाहणीत तसा फरक दिसला नाही. गोचिडीवरचा उपाय म्हणून तिच्यावर विसंबणे योग्य नाही.

एकटीदुकटी गिनी ठेवू नये. निदान पाच-सहा हव्यात. थव्यातून एकटी उरलेली दिवसभर हाका मारत फिरते. तिच्या जवळपास उभ्या केलेल्या गाडीच्या चकचकीत दारावर फडके टाकून ठेवावे लागते, नाहीतर स्वतःच्या प्रतिबिंबाला चोची मारून ती रंग खरवडून काढते.