लोगो टोयोटाचा, पण गाडी कुणाची?

"बलेनो नको म्हटलं, पत्रा पातळ असतो. म्हणून ग्लांझा घेतली. शेवटी टोयोटा ती टोयोटा!"

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने पहिला शब्द उच्चारला की पुढचं मला पाठ असतं. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. मग लोकांचे चेहरे पडायला लागले, तसं नुसतं "अभिनंदन, पेढे कुठायत?" म्हणायला लागलो. पण परवा साडूभाऊ हेच बोलले. ते स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकू.

टोयोटाची ग्लांझा म्हणजे मारुती सुझुकीची बलेनोच. तिच्यासारखी किंवा तिच्यावरून बेतलेली वगैरे नव्हे, तीच. सांगाडा सुझुकीचा, के-सिरीजचं इंजिन सुझुकीचं, बांधणी गुजरातेत हंसलपूरला सुझुकीच्या कारखान्यात. पुढची जाळी, बंपर, अलॉय आणि स्टिअरिंगवरचा लोगो बदलला की झाली ग्लांझा. आणि तो पातळ पत्रा? तोही तोच. (गाडीची मजबुती दरवाजा आपटल्यावर येणाऱ्या आवाजात नसते, आतला पिंजरा टकरीत आकार धरून ठेवतो का यावर ती ठरते, हे मी दरवर्षी सांगतो. पातळ पत्र्याच्या म्हणून हिणवलेल्या कंपनीच्याच नव्या डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत पाच तारे मिळाले. पण पत्र्यावर टिचकी मारून बघणारे काका काही कमी होत नाहीत.)

पुरावा हवा असेल तर रिकॉल बघा. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये दोष असल्याच्या शंकेवरून मारुतीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, त्यात बलेनो आणि ग्रँड विटारा होत्या. त्याच महिन्यात टोयोटाने १,३९० गाड्या बोलावल्या, त्या ग्लांझा आणि हायरायडर. २०२४ मध्ये २०१९ सालच्या ११,८५१ बलेनोंचा फ्युएल पंप तपासायला निघाला आणि पाठोपाठ २०१९ सालच्याच दोन हजारांहून जास्त ग्लांझांचाही. जुळ्या भावंडांना ताप एकदमच येतो.

सुझुकीबद्दल मराठी घराला फार काही सांगायला नको. १९८३ च्या डिसेंबरातली मारुती ८००, मग ओम्नी, झेन, वॅगन-आर, स्विफ्ट. निम्म्या महाराष्ट्राने क्लच सोडायला तिच्यावरच शिकलंय. सरकार २००७ पर्यंत हळूहळू बाहेर पडलं, कंपनी सुझुकीची झाली, आणि "ऍव्हरेज किती देते?" या प्रश्नाला सगळ्यात समाधानकारक उत्तर देणारा ब्रँड ही तिची ओळख कायम राहिली. ती अपघाताने आलेली नाही. जपानात सुझुकीचं घरचं ब्रीदच लहान, कमी, हलकं, आखूड आणि सुंदर असं आहे. कंपनीचे दीर्घकाळचे प्रमुख ओसामू सुझुकी यांच्या कारकिर्दीत एकेक ग्रॅम आणि एकेक येन वाचवणं हाच कंपनीचा धर्म होता. काटकसर हा तिचा दोष नसून कसब आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

टोयोटाचा लौकिक वेगळ्या मुशीतला. गंमत म्हणजे दोन्ही घराणी एकाच टापूतली आणि एकाच धंद्यातली. साकिची तोयोदा १८६७ मध्ये आजच्या कोसाई शहराच्या हद्दीतल्या एका खेड्यात जन्मले. शेजारच्या हमामात्सूत मिचिओ सुझुकींनी १९०९ मध्ये माग बनवायला सुरुवात केली. दोघंही सुतारकामातून मागाकडे आलेले. साकिचींच्या मागाची खुबी अशी, की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. मागवाल्यांना याची किंमत लगेच कळेल: धागा तुटूनही माग चालू राहिला तर तो पुढे वारभर खराब कापडच विणत बसतो. या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने १९२९ मध्ये एक लाख पौंडांना घेतले.

मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला. १९३६ मध्ये 'तोयोदा'चं 'टोयोटा' झालं, १९३७ मध्ये मोटारकंपनी वेगळी उभी राहिली. पुढे टोयोटाचे इंजिनिअर ताइइची ओनोंनी मागाचंच तत्त्व मोटारींच्या कारखान्यात आणलं. कामगाराला चूक दिसली की त्याने दोरी ओढायची आणि वेळेत सुटली नाही तर अख्खी लाइन थांबवायची. चूक पुढे ढकलायची नाही. सोबतीला दुसरी सवय, नवं काही गाडीत घालण्याआधी ते जुनं होईपर्यंत वाट बघायची. म्हणून टोयोटाच्या आतल्या गोष्टी बऱ्याचदा कंटाळवाण्या वाटतात, पण लँड क्रूझर वाळवंटात आणि हायलक्स डोंगरात वर्षानुवर्षं चालत राहतात. आपल्याकडे २००० साली आलेली क्वालिस दिसायला डब्यासारखी होती, तरी ट्रॅव्हल्सवाल्यांनी तिला लेकरासारखं सांभाळलं. मग इनोव्हा आली आणि "तीन लाख किलोमीटर, इंजिन उघडलं नाही" हे वाक्य महाराष्ट्राच्या प्रत्येक टॅक्सी स्टँडवर ऐकू यायला लागलं.

हा लौकिक निष्कलंक आहे असंही नाही. आपोआप वेग वाढण्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तिथल्या संसदीय समितीसमोर टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ तोयोदांनीच कबूल केलं, की माणसं घडवण्याच्या वेगापेक्षा आम्ही वाढीमागे जास्त वेगाने धावलो. आणि २०२४ च्या जानेवारीत डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचण्यांत गडबड केल्याचं उघड झालं, ते टोयोटा इंडस्ट्रीजच्या बाबतीत, म्हणजे साकिचींच्या त्या मूळ मागाच्याच कंपनीच्या. भारतात इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी काही काळ थांबली होती.

आता मुद्दा. ही दोन घरं एकत्र कशी आली? फोक्सवागनबरोबरचा सुझुकीचा संसार २०१५ मध्ये लवादापर्यंत जाऊन मोडला. हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) आणि विजेच्या गाड्यांचं तंत्र एकट्याने उभं करणं तिला परवडणारं नव्हतं. टोयोटाकडे ते होतं, पण भारतात स्वस्त छोटी गाडी विकणं तिला जमत नव्हतं. २०१६ मध्ये बोलणी सुरू झाली, २०१९ मध्ये टोयोटाने सुझुकीचे ४.९४ टक्के शेअर घेतले. पाच टक्केसुद्धा नाहीत. तेव्हा "टोयोटाने मारुती विकत घेतली" हेही कृपया थांबवा. पूर्ण विकत घेतली ती दाइहात्सू, छोट्या गाड्यांची दुसरी जपानी कंपनी.

या सोयरिकीतून आलेल्या बहुतेक जोड्या सरळ आहेत. रुमियन म्हणजे अर्टिगा, टायसर म्हणजे फ्राँक्स. ग्लांझासारखंच प्रकरण, पुढे वाचायची गरज नाही. उलट दिशेने एक आहे, इन्व्हिक्टो. ती नखशिखान्त इनोव्हा हायक्रॉस, बेंगळुरूजवळ बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात बनलेली, फक्त विकते मारुती.

खरी गोची आहे ती ग्रँड विटारा आणि हायरायडरची. इथे "ही कुणाची?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तरच नाही, आणि नेमकं इथेच शोरूममधला पोरगा आणि सोसायटीतला जाणकार दोघंही ठामपणे चुकीचं सांगतात. दोन्ही गाड्यांचा सांगाडा सुझुकीचा. २०२२ मध्ये दोन्ही बाजारात आल्या त्या टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यातून. आणि दोन्हींत दोन वेगवेगळ्या घरांची इंजिनं मिळतात. एक दीड लिटरचं, चार सिलिंडरचं, सुझुकीचं. त्याला मारुती 'स्मार्ट हायब्रिड' म्हणते आणि टोयोटा 'निओ ड्राइव्ह'. दुसरं दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं, टोयोटाचं, ते 'स्ट्राँग हायब्रिड'.

नावात हायब्रिड दोन्हीकडे असलं तरी जात वेगळी आहे. स्मार्ट हायब्रिडमध्ये पट्ट्याने इंजिनाला जोडलेला एक छोटा जनरेटर असतो. तो गाडी सुरू करतो, पिकअपच्या वेळी इंजिनाला थोडा हात देतो, ब्रेक मारल्यावर थोडी वीज साठवतो. चाकं एकट्याने फिरवायची ताकद त्याच्यात नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मात्र मोटर स्वतः गाडी ओढते. सिग्नलवरून निघताना, पार्किंगमध्ये, संथ ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद असतं आणि गाडी चालते. इंजिन आणि मोटर यांच्यात ताकदीची वाटणी दंतचक्रांची एक जुळणी करते, आणि ही कल्पना टोयोटा १९९७ च्या पहिल्या प्रियस या हायब्रिड गाडीपासून घासूनपुसून वापरतेय. आधी सांगितलेली ती सवय, नवं जुनं होऊ देण्याची, ती इथे पैसे वसूल करून देते. कंपनीच्या दाव्यानुसार ही गाडी लिटरला २७.९७ किलोमीटर जाते, स्मार्टवाली मॅन्युअल एकवीसच्या आसपास. रस्त्यावर दोन्ही आकडे कमी होतात, पण शहरातल्या ट्रॅफिकमध्ये दोघींतलं अंतर उलट वाढतं, कारण एक तिथे पेट्रोल जाळते आणि दुसरी बराच वेळ जाळतच नाही.

म्हणजे काय झालं बघा. मारुतीच्या शोरूममधून ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड घेणाऱ्याच्या बॉनेटखाली अस्सल टोयोटा आहे. "मला टोयोटाच पाहिजे" म्हणून हायरायडरची निओ ड्राइव्ह घेणाऱ्याच्या बॉनेटखाली सुझुकी. दोघंही आपापल्या लोगोकडे बघून खूश! ज्या लौकिकासाठी माणूस जास्त पैसे मोजायला तयार असतो, तो इंजिनाबरोबर आणि आराखड्याबरोबर येतो. जाळीवरच्या बिल्ल्याबरोबर तो येत नाही.

हे नवीन नाही. डिझेल स्विफ्टची सगळ्यांनी तोंड भरून स्तुती केली, "मारुतीचं डिझेल म्हणजे काय सांगू". ते १.३ लिटरचं इंजिन मुळात फियाटचं होतं. मारुती ते परवान्यावर बनवायची आणि पुढे पुण्याजवळच्या रांजणगावहून फियाटकडून विकतही घेऊ लागली. त्याच काळात फियाटच्या शोरूममध्ये मात्र चिटपाखरू नसायचं.

लोगोबरोबर काहीच येत नाही असंही मी म्हणणार नाही. सर्व्हिस येते आणि वॉरंटी येते. ग्लांझा आली तेव्हा टोयोटा तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर देत होती, मारुती दोन वर्षं किंवा चाळीस हजार. तेव्हा त्या एका कारणासाठी ग्लांझा घेणारा शहाणाच होता. जुलै २०२४ पासून मारुतीनेही तेवढीच केली, म्हणजे तोही फरक गेला.

मला खरं दुःख आहे ते इटिऑसचं. २०१० मध्ये टोयोटाने भारतासाठी स्वतः आखलेली छोटी गाडी आणली. सांगाडा आपला, इंजिन आपलं, बांधणी बिडदीची. मीटर डॅशबोर्डच्या मधोमध, आतून अगदी साधी. लोकांनी नाक मुरडलं, "टॅक्सी आहे ती". ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१६ मध्ये तिला चार तारे मिळाले, तरी कुणी विचारलं नाही, आणि २०२० मध्ये ती बंद झाली. अस्सल टोयोटा हॅचबॅक समोर होती तेव्हा ती नको होती, आणि सुझुकीवर टोयोटाचा बिल्ला लागल्यावर मात्र "टोयोटा ती टोयोटा".

नात्याबद्दल एक अवांतर. टोयोटाची भारतातली भागीदारी किर्लोस्करांशी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांची पहिली जोडी मोटारीची नव्हती. १९९५ मध्ये टोयोटाच्या मागवाल्या कंपनीबरोबर सूतगिरणीची यंत्रं बनवायला ते आधी एकत्र आले. मोटारी १९९७ नंतर.

विचारायचं असेल तर माझा हिशोब असा. बलेनो की ग्लांझा, यात ज्याचं सर्व्हिस सेंटर घराजवळ आणि वेटिंग कमी, ती घ्या. वाद घालू नका. ग्रँड विटारा की हायरायडर, यात लोगो विसरा आणि आधी इंजिन ठरवा. शहरात रोज चाळीस-पन्नास किलोमीटर असतील तर स्ट्राँग हायब्रिड, वर्षाला पाच हजार किलोमीटर असतील तर तिचे जादा पैसे वसूल व्हायचे नाहीत. इन्व्हिक्टो मला कळत नाही. तीच गाडी घ्यायची तर इनोव्हा नावाने घ्यावी, विकताना ते नावच कामाला येतं.

साडूभाऊंची ग्लांझा रविवारी चालवून पाहिली. छान आहे. हलकी, चपळ, क्लच लोण्यासारखा. "टोयोटाचा क्लचच वेगळा हो," ते म्हणाले. मी पेढा उचलला.