रूपांतरित स्टार्च: आचेत टिकणारा आणि गारठ्यात टिकणारा

रत्नागिरीकडच्या एखाद्या प्रक्रिया कारखान्यात ‘मॉडिफाइड स्टार्च’ असे छापलेली दोन पोती शेजारी ठेवली, तर पाहून किंवा बोटांनी चोळून त्यांतला फरक कळत नाही. कोळंबीचे कालवण पाकिटात भरणाऱ्याला मात्र तो ठाऊक असावाच लागतो. (नावातल्या ‘मॉडिफाइड’चा जनुकांशी संबंध नाही, बदल स्टार्चच्या रेणूत केलेला असतो.)

मक्याचा साधा स्टार्च पाण्यात तापवला की साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्याचे कण फुगतात आणि रस्सा दाट होतो. पण आच, ढवळणे आणि कोकमाचा आंबटपणा एकत्र आले, की तेच फुगलेले कण फुटून रस्सा पातळ पडतो. हे टाळण्यासाठी कणातल्या स्टार्चच्या रेणूंच्या शेजारशेजारच्या लांब साखळ्यांमध्ये फॉस्फेटचे पूल बांधतात. हा क्रॉसलिंक केलेला स्टार्च. पूल अगदी थोडे पुरतात. ते फार वाढवले तर कण शिजवूनही फुगत नाही, आणि नेमक्या याच गुणामुळे असा स्टार्च शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांना पावडर म्हणून लावत असत. अमेरिकेने २०१७ मध्ये पावडरवाल्या हातमोज्यांवर बंदी घातली.

दुसऱ्या प्रकाराचा शत्रू गारठा आहे. रात्रीची पेज सकाळी थिजलेली असते आणि तिच्यावर पाणी सुटलेले असते, कारण शिजताना मोकळ्या झालेल्या साखळ्या निवल्यावर पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि मधले पाणी बाहेर काढतात. गोठवून वितळवल्यास हे अधिकच होते. येथे पूल बांधून भागत नाही, साखळ्यांना एकमेकींपासून दूरच ठेवावे लागते. त्यासाठी त्यांच्यावर अ‍ॅसिटिल किंवा हायड्रॉक्सिप्रोपिल हे छोटे रासायनिक गट बसवतात. असा स्टार्च कमी तापमानाला शिजतो आणि त्याचा पापुद्रा लवचीक राहतो, म्हणून कागदाला आणि मागावरच्या ताण्याच्या सुताला खळ देण्यासाठीही तो वापरतात.

वेष्टनावरचा आयएनएस क्रमांक (अन्नात घालायच्या पदार्थांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) खरा फरक सांगतो: १४१२ म्हणजे केवळ पूल, १४२० म्हणजे केवळ अ‍ॅसिटिल गट, तर १४४२ मध्ये पूल आणि हायड्रॉक्सिप्रोपिल गट दोन्ही असतात. बाटलीत गरम भरून बाहेरच ठेवायच्या आंबट सॉसला १४१२ चालेल. कोकम घातलेले कालवण गोठवायचे असेल तर १४४२ घ्यावा. तेथे केवळ १४१२ वापरला, तर भरण्याच्या दिवशी दाट दिसलेले कालवण पाकीट वितळवल्यावर पाणी सोडते.