२,१४,७४,८३,६४७ आणि ४,२९,४९,६७,२९७: सारख्या दिसणाऱ्या दोन संख्या

या दोन दहा अंकी संख्यांची गल्लत सहज होते, कारण दोन्ही २ च्या घातांना खेटून आहेत आणि दोन्ही मूळ आहेत की नाहीत याचा निकाल गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनीच लावला. पहिली, म्हणजे २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या, मर्सेन संख्यांपैकी आहे. दुसरी, २ च्या ३२ व्या घातात १ मिळवल्यावर येणारी, फर्मा संख्यांपैकी. पहिलीची दुप्पट करून ३ मिळवले की दुसरी येते. तरीही पहिली मूळ संख्या आहे आणि दुसरी नाही.

मर्सेन रूपात मूळ संख्या मिळायची तर घातांक मूळ असावा लागतो, आणि फर्मा रूपात तो स्वतःच २ चा घात असावा लागतो. दोघीही आपापली अट पाळतात. पण अट पाळली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पहिल्या पाचही फर्मा संख्या मूळ निघाल्यामुळे पुढच्याही तशाच असणार, असे या संख्या ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात त्या गणितज्ञ फर्मा यांना वाटत होते. पाचावरून सगळ्यांचे भाकीत करणे धाडसाचेच म्हणायचे.

१७३२ मध्ये ऑयलर यांनी दुसऱ्या संख्येला ६४१ ने भाग जातो, हे दाखवले. त्याची आज दिली जाणारी सिद्धता फार देखणी आहे. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, आणि ६४१ ने भागताना ६४० ही संख्या उणे १ सारखी वागते. म्हणून तिच्या चौथ्या घाताची, म्हणजेच ६२५ गुणिले २ च्या २८ व्या घाताची, बाकी १ येते. पण ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ असल्याने ६२५ च्या जागी उणे १६ घेता येतात, आणि मग २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ ठरते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य. भागाकार ६७,००,४१७ हाही मूळ आहे.

पहिल्या संख्येचे काम उलट्या जातीचे होते, कारण तिथे विभाजक शोधायचा नव्हता, तर तो नाहीच हे दाखवायचे होते. तिचा मूळ विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल, एवढे ठरल्यावर ४६,३४० पर्यंतचे, म्हणजे वर्गमूळापर्यंतचे, असे मोजकेच उमेदवार तपासणे पुरले. १७७२ मध्ये ऑयलर यांनी तिचे मूळत्व जाहीर केले.

संगणकात ३२ बिटांच्या, म्हणजे ३२ द्विमान अंकांत साठवलेल्या, चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही असू शकणाऱ्या) पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच पहिली संख्या. बिनचिन्ह (ऋण नसणाऱ्या) पूर्णांकाची मर्यादा मात्र दुसरी नव्हे, तर तिच्याहून २ ने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ आहे. ही शेजारीण वर उल्लेखलेल्या पाचही फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार आहे, त्यामुळे तितक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती निव्वळ कंपास आणि पट्टीने काढता येते. विषम बाजूंची याहून मोठी अशी आकृती अद्याप ज्ञात नाही.