कर्करोगातून मूत्रपिंडाचा आजार: ठाणे-नवी मुंबईतील रुग्णांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात रक्तातली विकृत प्रथिने मूत्रपिंडाच्या नलिकांत साचतात. गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या गाठीमुळे मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी) दाबली जाते. सिस्प्लाटिन, मेथोट्रेक्सेट ही कर्करोगाची औषधेही मूत्रपिंडाला इजा करू शकतात. अशा रुग्णाची फाइल कर्करोग आणि मूत्रपिंड अशा दोन विभागांत फिरते आणि बहुतेकदा तिथेच अडकते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचार मिळतात. पिवळ्या-केशरी कार्डांबरोबर आता पांढरे कार्डही चालते. १२ अंकी ऑनलाइन क्रमांक असलेली शिधापत्रिका आणि आधार हे मूळ कागद. रुग्णाचे नाव शिधापत्रिकेत आहे ना, हे आधी पाहा. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव चढवायचे राहून गेलेले असते. शिधापत्रिका आणि आधार या दोन्हींवर नावाचे स्पेलिंग आणि जन्मवर्ष जुळायला हवे. चूक असेल तर उपचार सुरू असतानाच शिधावाटप कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्या.

रुग्णालय निवडताना नुसते ‘योजनेत आहे का’ विचारू नका. कर्करोगासाठी योजनेत असलेले रुग्णालय डायलिसिससाठी असेलच असे नाही. केमोथेरपी, डायलिसिस, दाबलेली मूत्रवाहिनी उघडी ठेवायला बसवायची नळी (डीजे स्टेंट) या प्रत्येकाची पूर्वमंजुरी वेगळी असते. ती आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या प्रतिनिधीच्या, टेबलावरून जाते. मंजुरीआधी स्वतः भरलेले पैसे परत मिळतील, असे गृहीत धरू नका.

वैद्यकीय कागदांत बायोप्सी, सोनोग्राफी, केमोचा तक्ता (औषध, मात्रा, तारीख) आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) किमान दोन वेगवेगळ्या तारखांचे अहवाल ठेवा. एकाच अहवालावरून बिघाड नवा की जुना, ते कळत नाही. सगळ्यांत मोलाचे म्हणजे कर्करोगतज्ज्ञाचे पत्र. ‘मूत्रपिंडाचा बिघाड अमुक कर्करोगामुळे किंवा अमुक औषधामुळे’ हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर नेफ्रोलॉजीचा (मूत्रपिंड विभागाचा) अर्ज तपासणाऱ्याला समोर फक्त वाढलेले क्रिएटिनिन दिसते आणि शंका काढून फाइल परत येते.

क्रिएटिनिन वाढले की डॉक्टर अनेकदा सिस्प्लाटिनऐवजी कार्बोप्लाटिन देतात. मग जुन्या औषधावर घेतलेली मंजुरी जुळत नाही. केमोच्या पुढच्या फेरीआधीच आरोग्यमित्राला सांगून नवी मंजुरी घ्या. त्यात दिवस गेले तर केमो लांबते, आणि ते रुग्णाला परवडणारे नसते.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री साहाय्यता निधी आहे. त्यासाठी वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांपर्यंत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. वाशी, नेरूळ, ऐरोलीकरांनी तो ठाणे तहसीलमधून काढावा; खारघर-कामोठे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतात. खासगी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. रुग्णालय निधीच्या यादीत हवे, कारण रक्कम थेट त्याच्या खात्यावर जाते. घरी सोडल्यानंतर बिल दाखवून ती मिळत नाही, म्हणून दाखल असतानाच अर्ज करा.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला दाखल होतानाच भेटा. जन आरोग्य योजनेच्या मंजूर उपचारासाठी कुणी पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.