कोलनच्या अलीकडे-पलीकडे: यूआरएलमधल्या होस्टची पार्श्वभूमी

नवी मुंबईत रिक्षावाल्याला नुसतं ‘सेक्टर ८’ सांगून भागत नाही. सेक्टर ८ ऐरोलीत आहे, वाशीत आहे, नेरुळला आहे आणि बेलापूरलाही आहे. सिडकोने प्रत्येक नोडमध्ये सेक्टरांची मोजणी नव्याने सुरू केली, त्यामुळे आधी नोडचं नाव आणि मग आकडा, हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं. यूआरएलमध्ये, म्हणजे वेबपत्त्यात, होस्ट (मशीनचं नाव किंवा पत्ता) आणि पोर्ट (त्या मशीनवरच्या सेवेचा क्रमांक) यांचं नातं अगदी असंच आहे. ८०८० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कुठल्या मशीनवरचा ८०८०, हे कळलं तरच जोडणी होते.

मी महापेला एका कंपनीत सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लिहितो. यूआरएलमध्ये दोन तिरक्या रेघांनंतर येणारा तुकडा आमच्या कोडमध्ये साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची ओळ, म्हणून ठेवलेला होता आणि लागेल तिथे पहिल्या कोलनवर तोडला जायचा. चार वर्षं ते बिनतक्रार चाललं. मग एका ग्राहकाने आयपीव्ही६चा (मशीनांच्या आकडी पत्त्यांची नवी पद्धत) पत्ता दिला, [२००१:डीबी८::१७]:८०८० अशा धाटणीचा. लॉग उघडला तर होस्टच्या रकान्यात ‘[२००१’ आणि पोर्टच्या रकान्यात ‘डीबी८::१७]:८०८०’. कोड त्याच रात्री दुरुस्त झाला. पण एका कोलनला एवढ्या कामांना जुंपलं कोणी, ते बघायला मी जुने आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे कागद, काढून बसलो.

सुरुवात त्या दोन तिरक्या रेघांपासून करावी लागते. टिम बर्नर्स-ली यांनी त्या अपोलो कंपनीच्या संगणकांवरून उचलल्या. तिथे फाइलच्या वाटेआधी दोन रेघा आल्या की पुढचा शब्द दुसऱ्या संगणकाचं नाव आहे असं समजलं जाई. या रेघा नसत्या तरी चाललं असतं, असं त्यांनी स्वतःच पुढे म्हटलं आहे. संगणकांना नावं देण्याची व्यवस्था मात्र त्याआधीच उभी होती. सगळ्या मशीनांची एकच यादी सांभाळणं हाताबाहेर गेलं, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नावावरून मशीनचा आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था मांडली. तिच्यात अधिकार उजवीकडून डावीकडे वाटला जातो: सर्वांत मोठा भाग शेवटी, आपल्या टपालाच्या पत्त्यात जिल्हा शेवटी येतो तसा.

डिसेंबर १९९४च्या आरएफसी १७३८मध्ये रेघांनंतरच्या तुकड्याचं रूप ठरलं: वापरकर्त्याचं नाव, कोलन, पासवर्ड, मग ॲट (@), मग होस्ट, पुन्हा कोलन, आणि पोर्ट. म्हणजे कोलनला पहिल्या दिवसापासूनच दोन कामं होती. आयपीव्ही६ची पहिली व्याख्या आली ती डिसेंबर १९९५मध्ये, वर्षभराने, आणि तिने पत्त्याच्या पोटातच कोलन पेरले. तिसरं काम ते. चौकोनी कंस घालून हा गुंता सोडवणारा आरएफसी २७३२ यायला डिसेंबर १९९९ उजाडलं. तोवर पहिल्या कोलनवर तोडणारा कितीतरी कोड लिहून झाला होता. आमचा तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेला. सवयी कागदापेक्षा जास्त टिकतात.

या तुकड्याचं नावही बदलत गेलं, आणि आपण कोणत्या प्रोग्रामिंग भाषेत काम करतो त्यावरून ती भाषा कोणत्या सालचा कागद वाचून घडली ते ओळखता येतं. पायथनमध्ये आजही ‘नेटलॉक’ म्हणतात; ते नाव जून १९९५च्या आरएफसी १८०८मधलं. ऑगस्ट १९९८च्या आरएफसी २३९६ने त्याला ‘अथॉरिटी’ केलं आणि जानेवारी २००५च्या आरएफसी ३९८६ने तेच नाव कायम ठेवलं. जावामधला यूआरआय हा वर्ग (क्लास, म्हणजे असे पत्ते हाताळणारा तयार कोड) २००२ सालचा, म्हणून तो २३९६च्या तालमीतला. त्या नियमांत होस्टच्या नावात अंडरस्कोर बसत नाही. त्यामुळे ‘माल_सर्व्हर’ असं नाव दिलं, तर जावा चूक दाखवत नाही. अथॉरिटी पुरी परत देते आणि होस्ट विचारला की नल, म्हणजे काहीच नाही. नवीन आलेल्या पोरांनी यावर अख्खी दुपार घालवलेली मी बघितली आहे. दोष त्यांचा नसतो, आणि ते मी त्यांना तेव्हाच सांगतो.

जावाचीच त्याआधीची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९९६मध्ये आलेल्या तिच्या यूआरएल वर्गात दोन यूआरएल समान आहेत का हे बघताना दोन्ही होस्टची नावं डीएनएसला विचारली जातात, आणि आयपी (आकडी पत्ता) एकच निघाला तर होस्ट समान धरले जातात. एका मशीनवर एकच साइट असण्याच्या काळात ते खपून गेलं. जानेवारी १९९७मध्ये एचटीटीपी १.१ने विनंतीबरोबर होस्टचं नाव पाठवणं सक्तीचं केलं आणि एकाच आयपीवर शेकडो साइट नांदू लागल्या. एकाच इमारतीतले दोन भाडेकरू वेगळे असतात. हा वर्ग त्यांना एकच समजत राहिला. वर प्रत्येक तुलनेला नेटवर्कवर फेरी. या वागण्याचा मेळ बसत नाही हे जावाच्या दस्तऐवजातच नमूद आहे, पण जुना कोड मोडेल म्हणून ते बदललं नाही.

पासवर्डच्या जागेचा इतिहास दुःखद आहे. ॲटच्या आधी बँकेचं नाव आणि नंतर भामट्याचा होस्ट अशा लिंकांनी लोक फसू लागले. मायक्रोसॉफ्टने २००४ साली इंटरनेट एक्स्प्लोररमधून ही सोय काढली, आणि ३९८६ने यूआरएलमध्ये पासवर्ड लिहिण्याची पद्धत कालबाह्य ठरवली.

आयपीव्ही४ हा जुन्या पद्धतीचा आकडी पत्ता दिसायला सोपा, पण तोच जास्त फसवतो. १२७.०.०.१ हाच पत्ता २१३०७०६४३३ असा एका आकड्यातही लिहिता येतो, आणि जुन्या युनिक्स लायब्ररीच्या पुण्याईने ब्राउझर तो चालवून घेतात. शून्याने सुरू होणारा आकडा कोणी अष्टमान पद्धतीने वाचतो, कोणी साधा दशमान. मग ०१०.०.०.१ म्हणजे १०.०.०.१ की ८.०.०.१? पहिला घरातल्या नेटवर्कचा, दुसरा बाहेरचा. तपासणारा कोड एक अर्थ घेतो, जोडणारा दुसरा, आणि या फटीतून आतल्या सर्व्हरपर्यंत पोचता येतं. असे पार्सरमधले (पत्ता वाचून त्याचे तुकडे करणाऱ्या कोडमधले) मतभेद ऑरेंज त्साय या तैवानी संशोधकाने २०१७मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत एकामागून एक मांडून दाखवले. २०२१मध्ये पायथन आणि गो या दोन्ही भाषांनी पुढे शून्य असलेले पत्ते नाकारायला सुरुवात केली.

म्हणून मला रस्ट या भाषेतल्या यूआरएल लायब्ररीची मांडणी आवडते. तिथे होस्ट तीनपैकी एक असतो: डोमेन, आयपीव्ही४ किंवा आयपीव्ही६. आयपीव्ही४ म्हणजे चार बाइट, आयपीव्ही६ म्हणजे सोळा. वाचताना जो काही घोळ व्हायचा तो दारातच मिटतो आणि आत स्ट्रिंग फिरत नाही. पोर्ट हा सोळा बिटांचा आकडा, जास्तीत जास्त ६५५३५, आणि तो नसूही शकतो. लिहिलेला नसला तर एचटीटीपीएससाठी ४४३ धरायचा. गोमध्ये होस्ट आणि पोर्ट अजूनही एकाच स्ट्रिंगमध्ये असतात. त्यांना वेगळं करून देणारी फंक्शनं २०१७मध्ये १.८ आवृत्तीत आली. आम्ही आमच्या कोडमध्ये तीन प्रकारांची मांडणी उतरवली. तुलना करणारे जवळपास सगळे ‘जर-तर’ त्यानंतर गळून पडले.

डोमेन या पहिल्या प्रकारात मात्र आपल्या लिपीचं एक प्रकरण उरतं. देवनागरीतलं .भारत २०१४ साली सुरू झालं. डीएनएसमध्ये ते देवनागरीत जात नाही, प्युनीकोडने त्याचं इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांच्या साखळीत रूपांतर होतं, आणि तिच्या पुढे ‘एक्सएन--’ लागतं. २००३च्या नियमांत जोडाक्षरांसाठी वापरला जाणारा अदृश्य जोडक या रूपांतराआधीच गाळला जाई. मराठीतला अर्धा ‘र’ तर दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि तो अदृश्य जोडक वापरून. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या ‘दऱ्या’मधला जोडक गाळला की उरतो ‘दर्या’. सह्याद्रीतल्या घळी लिहायच्या आणि डीएनएसने समुद्र शोधायचा. २०१०च्या नियमांनी हलन्तानंतर जोडकाला मुभा दिली, तरी दोन तऱ्हांनी टंकलेला एकच शब्द अजून दोन वेगळी डोमेन ठरतो. आमच्या चाचण्यांमध्ये ‘दऱ्या’ आता दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला आहे, शेजारी ‘दर्या’ही आहे, आणि तिघांचे होस्ट वेगवेगळेच निघायला हवेत अशी अट आहे.