गळ्याला फिरत येते कुठून?

गोव्यात गाणं शिकणाऱ्या मुलांची एक तक्रार ठरलेली: सूर लागतो, पण गळा फिरत नाही, म्हणजे जलद स्वर सफाईने निघत नाहीत. मग घाईघाईने तेच पलटे (सरावाचे ठरावीक स्वरक्रम) चौगुणीत, म्हणजे एका मात्रेत चार स्वर घेत, घोटले जातात. नुकसान होतं ते इथेच.

हिशेब करून पाहू. काळी चारच्या (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीच्या) षड्जाला, म्हणजे ‘सा’ला, स्वरतंतू सेकंदाला सुमारे 208 वेळा कंप पावतात. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत चौगुणीची तान (जलद स्वरांची लड) घेतली, तर सेकंदाला आठ स्वर होतात. म्हणजे त्या षड्जाच्या वाट्याला जेमतेम 26 कंपनं! आता आवाज कानावर पडून, चूक कळून, गळ्याने ती सुधारायची तर सेकंदाचा दहावा हिस्सा तरी जातोच, बहुधा जास्तच. तोवर पुढचा स्वर आलेला असतो. संथ आलापीत कान सूर सावरून घेतो, तानेत त्याला तेवढी सवडच मिळत नाही. स्नायूंनी काय करायचं हे मेंदूने आधीच ठरवलेलं असावं लागतं, आणि ते ठरतं रियाजात. तिथे गंधार (ग) निसटता घोटला असेल, तर तानेतही निसटताच येणार.

कंठमण्याच्या किंचित खाली बोट ठेवा. एक बारीक खाच लागेल. मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत (वरच्या ‘सा’पर्यंत) सावकाश मींड घेत, म्हणजे सूर न तोडता सरकत, जा. खाच अरुंद होत जाते. तिथला स्नायू आखडला की स्वरतंतू ताणले जाऊन स्वर चढतो. स्वरतंतूंच्या आतला स्नायू उलट त्यांना आखूड आणि जाड करतो. या दोघांची देवघेव जितकी सहज, तितका गळा हलका. नवशिका मात्र सोबत जीभ आणि जबडाही आवळतो, आणि तान अडखळते. आरशासमोर बसून पलटे घ्यावेत, हनुवटी लगेच चुगली करते.

गोव्यातल्याच केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची ध्वनिमुद्रित भैरवी 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. उस्ताद अल्लादियाँ खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं घोटलेला तो आकार (‘आ’ उच्चारातलं गाणं) मुलांनी मन लावून ऐकावा. इतका मोकळा गळा विरळाच.

आणखी एक. गळा थकला की स्वरतंतूंना किंचित सूज येते, ते जड होतात. हळू आवाजातले वरचे स्वर आधी फुटू लागतात. त्या दिवशी ताना बंद. पाणी प्यावं, मिटल्या ओठांनी हलका गुंजारव करावा. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.