तलत महमूदच्या आवाजातली लरज येते कुठून?

दादर-पार्ल्याकडच्या कराओके मैफलींत कुणी तलत महमूदचं गाणं घेतलं की एक शेरा हमखास ऐकू येतो: "आवाज गोड, पण दम कमी, म्हणून कापतो." हा गैरसमज जुनाच आहे. कोलकात्यात 'तपनकुमार' या नावाने बंगाली गाणी गाऊन तलत १९४९ साली मुंबईत आला, तेव्हाही त्याच्या कापऱ्या आवाजाला नावं ठेवली गेली होती. 'आरजू' या चित्रपटात (१९५०) त्याला गायला लावणाऱ्या संगीतकार अनिल विश्वासांना मात्र नेमकी तीच लरज हवी होती. भौतिकशास्त्र अनिलदांच्या बाजूचं आहे.

दम संपत आला की आवाज वेडावाकडा थरथरतो. गायकाचा कंप नियमित असतो: सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा सूर किंचित वर-खाली होतो. स्वरतंतू ताणणारा क्रिकोथायरॉइड हा छोटा स्नायू लयीत कमीजास्त आकसतो, तसा तंतूंचा ताण बदलतो. हा कंप फार संथ झाला तर सूर डुलतो, फार जलद झाला तर बकरी ओरडल्यासारखा वाटतो. मधल्या पट्ट्यात कानाला चढउतार सुटे ऐकू येत नाहीत. त्यांची सरासरी सूर म्हणून ऐकू येते, म्हणून गाणं बेसूर वाटत नाही.

खरी गंमत पुढे आहे. गळ्यातून २०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०० आंदोलनांचा, सूर निघतो तेव्हा त्याच्यासोबत ४००, ६००, ८०० असे उपस्वरही निघतात. कंपामुळे मूळ सूर १९४ ते २०६ हर्ट्झमध्ये हलला, तर दहावा उपस्वर १९४० ते २०६० एवढा हलतो, म्हणजे दहापट. आता घसा आणि तोंड यांच्या पोकळीला स्वतःच्या अनुनादाच्या ठरावीक वारंवारता असतात; त्यांच्या जवळचा सूर पोकळीत आपोआप मोठा होतो. समजा अशी एक वारंवारता २०५० हर्ट्झपाशी आहे. दहावा उपस्वर तिच्याजवळ गेला की मोठा होतो, लांब गेला की मंदावतो. त्याच क्षणी अकरावा उपस्वर २१३४ ते २२६६ मध्ये फिरत असतो. तो खाली सरकताना मोठा होतो आणि वर जाताना मंदावतो, म्हणजे दहाव्याच्या अगदी उलट. मूळ सुराची तीव्रता फारशी बदलत नाही, पण आवाजाचा पोत सेकंदाला पाच-सहा वेळा पालटत राहतो. पाण्यावरचं ऊन हलतं तशी ही झिलई. 'मखमली' म्हणतात त्या आवाजात तिचा मोठा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

सगळे उपस्वर एकाच तालात हलतात, म्हणून कान त्यांना एकाच गळ्याचे मानतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीतकार जॉन चाउनिंग यांनी संगणकावर एकेकच वारंवारता असलेले सुटे स्वर एकत्र वाजवले आणि त्या सर्वांना सारखाच कंप दिला. तोवर निर्जीव वाटणारा तो नाद एकदम गाणारा मानवी आवाज होऊन गेला!

प्रणयगीताला ही झिलई शोभते ती मायक्रोफोनमुळे. संगीत नाटकाच्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. पार्श्वगायकाला ती गरज नाही. तलत माइकशी हलक्या आवाजात गातो, आणि इतक्या हळू आपल्याशी फक्त जवळचं माणूस बोलतं. मागे मोठा वाद्यमेळ आला की मात्र हे बारकावे झाकले जातात. म्हणून तलतला मोजकी वाद्यंच खुलवतात.

यूट्यूबवर '४३२ हर्ट्झ ही प्रेमाची वारंवारता' असले व्हिडिओ फिरतात, ती शुद्ध थाप आहे. सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप आहे, आणि आपले गायक तर आपापल्या गळ्याला पेलेल तो षड्ज लावतात.

कंप डोळ्यांनीही पाहता येतो. फोनवर स्पेक्ट्रोग्रामचं, म्हणजे आवाजातले उपस्वर रेघांनी दाखवणारं, एखादं मोफत ॲप घ्या, त्यातलं वारंवारतेचं माप समान अंतराचं (लिनिअर) ठेवा आणि तलतच्या, वाद्यं कमी असलेल्या, एखाद्या गाण्यातला लांब सूर त्याला ऐकवा. खालची रेघ जेमतेम हलताना दिसेल. वरच्या रेघांच्या लाटा मात्र उंच होत जातील, आणि प्रत्येक लाट कुठे ठळक, कुठे पुसट असेल.